दुभाष्याचे पुनर्लेखन : फ्लॅश स्मृतीच्या एका चालकाची दोन रूपे

संगणक-प्रणालीचा मजकूर हा भाषेच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. लिनक्स या मुक्त प्रणालीची मूळ संहिता यंत्रासाठी असते तशीच ती माणसांनी वाचावी म्हणूनही लिहिलेली असते. तिच्यात टिपा असतात, प्रत्येक बदलाबरोबर त्याचे कारण सांगणारे निवेदन असते, आधीच्या लेखकाशी घातलेला वाद असतो. ही संहिता पदवी व पदविका वर्गांत शिकवली जाते, म्हणजे ती पाठ्य ठरते. आणि जे पाठ्य आहे त्याची चिकित्सा करणे हे अध्यापकाचे कामच आहे. प्रस्तुत लेखात अशाच एका पाठ्याचा विचार केला आहे. मार्व्हेल कंपनीच्या फ्लॅश स्मृती-नियंत्रकाचा जुना चालक आणि २०१८ साली नव्या चौकटीनुसार लिहून त्याच्या जागी आलेला चालक, ही एकाच कामाची दोन रूपे शेजारी ठेवली असता काय दिसते, हा येथील प्रश्न आहे.

वडोदऱ्याच्या अध्यापकाला या प्रश्नाची एक बाजू परिचित असावी. येथे १८९० साली सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली कलाभवन सुरू झाले. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा याच संस्थेची वंशज होय. हुन्नर देशी भाषांतून शिकवायचा, हा कलाभवनाचा आग्रह होता. त्यासाठी गज्जरांनी ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही ग्रंथमाला हाती घेतली. पुढे १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन कल्पतरू’ निघाला. इंग्रजी राज्यकारभारी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली असे प्रतिशब्द एका ओळीत मांडणारा हा कोश आजही पाहण्यासारखा आहे. एका शब्दाला सात भाषांत सात दरवाजे असतात, ही गोष्ट तो कोणताही सिद्धांत न सांगता दाखवून देतो.

तथापि शब्द मिळाला म्हणजे विषय कळला असे नाही. ‘ड्रायव्हर’ या शब्दाला मराठीत ‘चालक’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे, आणि तो दिशाभूल करणारा आहे. मोटार चालवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. संगणकातला हा घटक काही चालवत नाही. प्रणालीचा गाभा एक भाषा बोलतो, समोरचे यंत्र दुसरी. या दोघांमध्ये उभा राहून एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावून देणारा तो दुभाषी असतो. उर्दूत त्याला ‘तर्जुमान’ म्हणता येईल. कंपनी सरकारच्या काळापासून मराठीत ‘दुभाष्या’ हा शब्द रुळलेला आहे आणि या कामाला तो नेमका बसतो. लेखात रूढ शब्द म्हणून ‘चालक’ ठेवला आहे, परंतु वाचकाने मनात दुभाष्याच धरावा. पुढचे विवेचन त्यावर उभे आहे.

पाटी आणि तिचे व्याकरण

फ्लॅश स्मृतीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी लावला. तिचा ‘नॉर’ हा प्रकार १९८४ मध्ये व ‘नँड’ हा प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला. वीज गेली तरी लिहिलेले टिकते, हा तिचा गुण. मोबाइल, घरातले इंटरनेटचे राउटर, दूरचित्रवाणीचा सेट-टॉप बॉक्स, या सर्वांची प्रणाली तिच्यावरच साठवलेली असते.

नँड फ्लॅशचा स्वभाव शाळेच्या पाटीसारखा आहे, पण पाटी जरा विचित्र. कोऱ्या पाटीवर सर्वत्र एक हा अंक असतो. लिहिणे म्हणजे हव्या त्या ठिकाणी एकाचे शून्य करणे. शून्याचे पुन्हा एक करायचे झाले तर ते एकटे पुसता येत नाही, सगळा ठोकळाच पुसावा लागतो. एका नेहमीच्या रचनेत एक पान २०४८ अक्षरांचे, त्याच्या समासात आणखी ६४ अक्षरे, आणि अशी ६४ पाने मिळून एक ठोकळा. लिहिणे पानापानाने, पुसणे ठोकळ्याठोकळ्याने. शिवाय पाटी झिजते. साध्या प्रकारच्या चिपमध्ये एक ठोकळा सुमारे एक लाख वेळा पुसता येतो, दाट प्रकारात काही हजार वेळाच. काही ठोकळे कारखान्यातूनच बिघडलेले येतात, काही वापरताना बिघडतात, आणि वाचताना अधूनमधून एखादा अंक उलटा निघतो. म्हणून समासातील अक्षरांत दुरुस्तीचे अंक ठेवावे लागतात.

या चिपशी बोलण्याची रीत ठरलेली आहे, आणि ती भाषेच्या अध्यापकाला ओळखीची वाटेल. पुसायचे असेल तर प्रथम ‘६०’ हा आज्ञा-संकेत द्यावा, मग ठोकळ्याचा पत्ता तीन तुकड्यांत, मग ‘डी-०’ हा दुसरा संकेत, आणि चिप मोकळी होईपर्यंत थांबावे. वाचायचे असेल तर ‘००’, मग मोठ्या चिपमध्ये पाच तुकड्यांचा पत्ता, मग ‘३०’, मग थांबणे, आणि नंतर माहिती उचलणे. (हे संकेत सोळाच्या पायावरील अंकपद्धतीत आहेत, म्हणून त्यांत अक्षर येते.) पहिला संकेत वाक्याचा विषय उघडतो, मध्ये पत्ता येतो, आणि शेवटचा संकेत येईपर्यंत काहीही घडत नाही. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते. ‘कपाटातली वरची वही’ एवढे ऐकून ऐकणारा हलत नाही. ‘आण’, ‘ठेव’ की ‘फाड’ हे कळेपर्यंत तो थांबतो. नँडचे वाक्यही तसेच शेवटी पूर्ण होते. मराठीतून इंग्रजीत तोंडी भाषांतर करणाऱ्या दुभाष्याची खरी अडचण हीच असते: क्रियापद आले नाही, आणि समोरचा मात्र तोंडाकडे पाहतो आहे.

अंदाजाने बोलणारा दुभाषी

लिनक्समध्ये फ्लॅश स्मृती सांभाळणाऱ्या शाखेचे नाव ‘एमटीडी’. तिच्या जुन्या रचनेत नियंत्रकाच्या चालकाकडून काही सुटी कामे अपेक्षित असत. ‘सीएमडी-फंक’ या कामात आज्ञा, स्तंभ आणि पान सांगितले जाई. ‘रीड-बाइट’मध्ये एक अक्षर मागितले जाई, ‘रीड-बफ’मध्ये अनेक. ‘वेट-फंक’ म्हणजे थांबणे. ही रचना चुकीची नव्हती, हे प्रथम नोंदवले पाहिजे. ती घडली तेव्हा चिप बहुधा थेट तारांनी जोडलेली असे. एकेक संकेत, एकेक अक्षर तारेवर ठेवायचे आणि उचलायचे. वाक्य शब्दाशब्दाने बोलले तरी बिघडत नसे. ज्यांनी ती लिहिली त्यांनी समोर दिसणाऱ्या यंत्रासाठी नेटके व्याकरण दिले होते.

पुढे नियंत्रक हुशार झाले. प्रोसेसरला मध्ये न घालता आज्ञा, पत्ता, थांबणे व माहितीची ने-आण हे सगळे ते एका दमात करू लागले. मात्र त्यासाठी त्यांना संपूर्ण वाक्य आधीच हवे असते. गाभा मात्र जुन्या सवयीने तुकड्यातुकड्याने बोलत होता. ‘ओळख वाच’ ही आज्ञा आली, पण गाभा पुढे किती अक्षरे मागणार आहे हे त्या क्षणी कोणी सांगत नाही. मागणी नंतर येते आणि यंत्राला मात्र आकडा आताच हवा. मग चालकापुढे एकच मार्ग उरतो: अंदाज.

मार्व्हेलच्या जुन्या चालकात हे स्पष्ट दिसते. ‘पीएक्सए-थ्री-एक्स-एक्स नँड’ नावाची ही फाईल २००८ मध्ये गाभ्यात आली. पीएक्सए ही प्रोसेसरमाला मुळात इंटेलची. २००६ मध्ये तो व्यवसाय मार्व्हेलने घेतला, त्यामुळे नावात एक घर आणि मालकीत दुसरे, असा प्रकार आधीपासूनच होता. हातात धरायच्या उपकरणांसाठी लिहिलेला हा चालक पुढे २०१३च्या सुमारास आर्माडा या वेगळ्या कुळातील प्रोसेसरांसाठीही वाढवण्यात आला. फाईलच्या मध्यभागी आज्ञांची एक लांब शाखा-रचना आहे. ही आज्ञा असेल तर इतकी अक्षरे लागतील असे समज, ती असेल तर तितकी. पत्त्याचे तुकडे इतके धर. आणि यादीत नसलेली आज्ञा आली तर ‘असमर्थित’ अशी नोंद करून सोडून दे. मोठ्या पानांसाठी याच कामाची दुसरी, विस्तारित प्रत शेजारीच ठेवलेली. वाचकाला दुभाष्याचा घामच दिसतो. तो भाषांतर करत नाही. मालक बहुधा काय म्हणणार आहेत ते आठवून बोलतो.

याचा परिणाम एका चालकापुरता राहिला नाही. एखाद्या चिप बनवणाऱ्या कंपनीने स्वतःची खास आज्ञा काढली की तिचा अंदाज प्रत्येक चालकात स्वतंत्रपणे घालावा लागे. नवा वाक्प्रचार भाषेत आला म्हणून गावातल्या प्रत्येक दुभाष्याला वेगळे पत्र पाठवण्यातला हा प्रकार. ज्यांना पत्र पोहोचले नाही ते गप्प राहत.

पूर्ण वाक्य

बोरिस ब्रेझियों व मिकेल रेनाल या दोघांनी मांडलेली ‘एक्झेक-ऑप’ ही नवी चौकट एप्रिल २०१८ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या ४.१६ या आवृत्तीत आली. दोघेही फ्रान्समधील फ्री इलेक्ट्रॉन्स या संस्थेत काम करत. ती संस्था त्याच वर्षी ‘बूटलिन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. नव्या चौकटीचे सार थोडक्यात सांगता येते. गाभा आता तुकडे पाठवत नाही, तो पूर्ण क्रिया पाठवतो. क्रिया म्हणजे सूचनांची एक क्रमवार माळ, आणि सूचनांचे प्रकार पाचच: आज्ञा, पत्ता, माहिती आत घेणे, माहिती बाहेर देणे, आणि मोकळे होईपर्यंत थांबणे. किती अक्षरे, किती पत्त्याचे तुकडे, किती वेळ थांबायचे, हे सारे माळेतच लिहिलेले. चालकाने ती माळ जशी आहे तशी यंत्राच्या भाषेत सांगायची. आज्ञेचा अर्थ लावणे हे त्याचे काम उरले नाही.

व्याकरणाच्या अभ्यासकाला याहून रोचक वाटावा असा भाग पुढे आहे. सर्व नियंत्रक सर्व प्रकारची वाक्ये बोलू शकत नाहीत. एखाद्याला दोन आज्ञांमध्ये पत्ता चालतो, पण माहितीनंतर दुसरी आज्ञा चालत नाही. एखाद्याला एका वेळी ठराविक अक्षरेच पेलतात. म्हणून चालकाने आपल्याला जमणाऱ्या वाक्यरचनांचे नमुने जाहीर करायचे असतात. चौकटीतला ‘पार्सर’, म्हणजे वाक्याचा पदच्छेद करणारा भाग, आलेली माळ त्या नमुन्यांशी ताडून पाहतो, लांब वाक्य जमत असेल तर लहान वाक्यांत तोडतो, आणि एकही नमुना जुळला नाही तर ‘हे जमत नाही’ असे स्पष्ट कळवतो. ‘पार्सर’ आणि ‘पॅटर्न’ हे दोन्ही शब्द संहितेत याच नावांनी आहेत. म्हणजे वाक्यविचाराची परिभाषा अभियंत्यांनी स्वतःच स्वीकारलेली आहे. ही तुलना बाहेरून चिकटवलेली नाही. आणखी एक सोय अशी की, प्रत्यक्ष क्रिया न करता ‘हे वाक्य तुला बोलता येईल का?’ एवढेच विचारता येते. जुन्या रचनेत हा प्रश्न विचारायलाच जागा नव्हती.

या चौकटीनुसार लिहिलेला ‘मार्व्हेल नँड’ हा चालक त्याच आवृत्तीत आला आणि जुनी फाईल त्यानंतर लवकरच काढून टाकण्यात आली. हे स्थलांतर नव्हे, पुनर्लेखन आहे. स्थलांतरात सामान तेच राहते, घर बदलते. येथे जुन्या फाईलला ठिगळे लावण्याऐवजी नवी फाईल लिहिली गेली. तिच्या आरंभीची दीर्घ टीप हा या दोन पाठांमधील सर्वांत ठळक फरक म्हणावा लागेल. यंत्राच्या दोन पिढ्या कोणत्या, पहिली पीएक्सएमध्ये व दुसरी आर्माडामध्ये कशी सापडते, आणि पानावर माहिती व दुरुस्तीचे अंक आलटून-पालटून का ठेवावे लागतात, हे तिथे सलग गद्यात सांगितले आहे. यंत्राचा विक्षिप्तपणा लपवलेला नाही. जुन्या फाईलमध्ये हेच ज्ञान होते, पण ते आकड्यांत आणि अटींत विखुरलेले. वाचणाऱ्याने ते खोदून काढायचे. अध्यापनाच्या दृष्टीने नवा पाठ चांगला ठरतो तो या टीपेमुळे, केवळ चौकटीमुळे नव्हे.

मतरूक

जुन्या कामांचे काय झाले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सर्व चालक एका दिवसात बदलणे शक्य नव्हते. म्हणून २०१८ च्या डिसेंबरमध्ये निघालेल्या ४.२० या आवृत्तीत जुनी सुटी कामे एका वेगळ्या कप्प्यात हलवण्यात आली आणि त्या कप्प्याला ‘लिगसी’ असे नाव दिले गेले. जुना चालक चालत राहतो. पण प्रत्येक ओळीत ‘लिगसी’ असे लिहावे लागते, त्यामुळे आपण कोणत्या वाटेवर आहोत ते वाचताक्षणी कळते. नव्याने येणाऱ्या चालकाने त्या वाटेने जाऊ नये अशी अपेक्षा.

‘लिगसी’चे भाषांतर ‘वारसा’ किंवा ‘मीरास’ असे केले तर अर्थ उलटा होतो. दोन्ही शब्दांत अभिमान आहे. संगणकाच्या बोलीत या इंग्रजी शब्दाला किंचित नाराजीची छटा आहे. उर्दूच्या इतिहासात मात्र याला नेमका शब्द आहे: ‘मतरूक’. एकोणिसाव्या शतकात लखनौमध्ये नासिख व त्यांच्या परंपरेतील कवींनी भाषा-सुधारणेची जी चळवळ केली, तिच्यात अनेक जुने शब्द ‘मतरूक’ ठरवले गेले. असा शब्द चुकीचा नसतो. जुन्या कवीच्या शेरात तो तसाच राहतो, वाचकाला तो कळतो, कोशात त्यापुढे खूण असते. फक्त नव्या कवीने तो वापरायचा नसतो. मराठीत ‘जुनी वहिवाट’ हा शब्दही जवळ जातो, कारण वहिवाटीला नियमाचे नसले तरी वापराचे बळ असते. एक भेद मात्र विसरता येत नाही. लखनौचा निवाडा बराचसा रुचीचा होता आणि त्यात बोलीतले काही जिवंत शब्दही नाहक बाहेर गेले. येथे निवाडा गरजेचा आहे, आणि तो देताना कारण लेखी नोंदवलेले आहे.

या पद्धतीत दोष नाहीत असे नाही. ज्या यंत्राचा नमुना आज कोणाच्या टेबलावर नाही त्याचा चालक बदलायचा कोणी आणि तपासायचा कसा, याला चौकटीत उत्तर नाही. असे चालक कप्प्यात पडून राहतात किंवा काढून टाकले जातात, आणि ते यंत्र कोठे तरी वापरणाऱ्याच्या हाती जुनी आवृत्तीच उरते. दुसरा दोष अध्यापकाला अधिक बोचणारा आहे. नँड चालक कसा लिहावा हे सांगणारे, थॉमस ग्लाइक्सनर यांचे दस्तऐवज प्रणालीबरोबरच मिळते. पण चौकट बदलल्यानंतरही दीर्घकाळ त्यातला नमुना जुन्याच पद्धतीचा राहिला. नव्या चौकटीचे स्पष्टीकरण शोधायचे तर शीर्ष-फाईलमधील टिपा व बदलांची निवेदने वाचावी लागतात. संहिता पुढे गेली आणि तिचे व्याकरण-पुस्तक मागे राहिले. ज्यांनी एवढ्या काळजीने वाक्यरचना सुधारली त्यांनी हे काम मागे ठेवायला नको होते.

पाठ्यपुस्तकाचा प्रश्न

या विषयावर महाविद्यालयांत सर्वत्र परिचित असलेला ग्रंथ म्हणजे जोनाथन कॉर्बेट, अलेस्सांद्रो रुबिनी व ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचा ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’. त्याची तिसरी आवृत्ती २००५ च्या प्रारंभी निघाली. त्यानंतर नवी निघाली नाही. तो मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहे, भाषा प्रसन्न आहे, आणि समांतर चालणाऱ्या क्रियांमधील चुरस, व्यत्यय, स्मृतीची वाटणी या विषयांवरील त्याची प्रकरणे आजही वाचनीय आहेत. प्रत्यक्ष यंत्र हाती नसलेल्या विद्यार्थ्याला ‘स्कल’ या काल्पनिक उपकरणावर सराव करू देण्याची त्याची युक्ती तर अध्यापनाचा उत्तम नमुना मानावी लागेल. परंतु अठरा प्रकरणांत फ्लॅश स्मृतीच्या शाखेला स्वतंत्र प्रकरण नाही, आणि पुस्तक २.६.१० या आवृत्तीवर बेतलेले आहे. ‘प्रोक’ नोंद करण्याचे जे काम त्यात शिकवले आहे ते २०१३ मध्ये गाभ्यातून गेले. घड्याळाची नोंद करण्याची जुनी रीत २०१८ च्या आरंभी निघालेल्या ४.१५ आवृत्तीत बदलली.

परिणाम असा की, पुस्तकातले उदाहरण आजच्या प्रणालीवर जसेच्या तसे उतरवले तर ते बांधलेच जात नाही. इंग्रजी आधीच परकी, त्यात पडद्यावर चुकांची रांग. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला साहजिकच वाटते की आपल्यालाच समजले नाही. वस्तुतः चूक त्याची नाही आणि पुस्तकाचीही नाही. पुस्तक ज्या भाषेचे व्याकरण सांगते ती भाषा बोलली जात नाही, एवढेच. हे त्याला कोणी सांगितले नाही तर तो विषय सोडतो. येथे हानी खरी आहे, आणि ती गुणपत्रिकेत दिसत नाही.

गमतीची गोष्ट अशी की, या बदलाची घोषणा ग्रंथाच्या तिसऱ्या लेखकानेच केली होती. गाभ्याच्या आतील व्यवहार कधीही स्थिर राहणार नाहीत आणि राहू नयेत, असा युक्तिवाद करणारे क्रोआ-हार्टमन यांचे टिपण प्रणालीच्या दस्तऐवजांत समाविष्ट आहे. पुस्तक शिकवणाऱ्यांपैकी किती जण ते टिपण सोबत वाचायला देतात, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. दोन्ही एकत्र वाचली तर पुस्तकाची योग्यता कमी होत नाही, तिची जागा कळते: ते एका काळाचे व्याकरण आहे.

यावर सुचणारा उपाय नव्या पाठ्यपुस्तकाचा असतो, पण तेही काही वर्षांत मतरूक होईल. त्यापेक्षा एकच चालक घेऊन त्याची दोन रूपे व मधले निवेदन शेजारी शेजारी वाचणे अधिक उपयोगाचे. मार्व्हेलचे उदाहरण त्यासाठी सोयीचे आहे. दुसरेही घेता येईल: केडेन्स कंपनीच्या ‘क्वाड-एसपीआय’ नियंत्रकाचा चालक. नॉर फ्लॅशपुरती ओळख असलेला हा चालक २०२० मध्ये ‘एसपीआय-मेम’ या व्यापक चौकटीत आणून दुसऱ्या शाखेच्या दालनात हलवण्यात आला. त्या बदलांची मालिका पुढे नेणारे विघ्नेश राघवेंद्र यांचे नाव एमटीडी शाखेच्या सांभाळकर्त्यांच्या यादीत आलेले आहे. हा बदल लहान लहान पायऱ्यांत केलेला आहे. आधी किरकोळ सफाई, मग चौकट, शेवटी जागा. प्रत्येक पायरीनंतर प्रणाली बांधली जाऊन चालली पाहिजे, हा तिथला दंडक. निबंधाचे पुनर्लेखन शिकवणाऱ्या अध्यापकाला या क्रमाचे मोल वेगळे सांगायला नको.

बदलांची ही निवेदने बहुतांशी लहान असतात. काही परिच्छेदांत काय मोडले होते, काय केले, का केले. मराठीत किंवा उर्दूत त्यांचे भाषांतर करणे हे एका तासाचे काम आहे, आणि भाषा विभाग व संगणक विभाग यांनी ते मिळून करण्यास अडचण नसावी. नोकरीत इंग्रजीच लागते, हा आक्षेप घेतला जाईल. तो बरोबर आहे, आणि म्हणून संहिता व संकेत इंग्रजीतच राहावेत. स्पष्टीकरण मात्र ज्या भाषेत विद्यार्थी विचार करतो त्या भाषेत असले तर ‘जुना दुभाषी अंदाज करत होता, नव्याला पूर्ण वाक्य मिळते’ ही गोष्ट त्याच्या हाती लागते. तेवढे हाती लागले की शीर्ष-फाईलमधील इंग्रजी टीप तो स्वतः उघडतो.

शब्द घडवण्याबाबतही एक इशारा येथे लागू पडतो. उस्मानिया विद्यापीठाच्या काळात हैदराबादला १९१७ पासून दारुत्तर्जुमा काम करत होते. वहीदुद्दीन सलीम यांचा ‘वज़्-ए-इस्तिलाहात’ १९२१ मध्ये निघाला. नवी संज्ञा उर्दूच्या स्वतःच्या घडणीतून, हिंदी-फारसी उपसर्ग-प्रत्ययांसह निघावी. ती अरबीच असली पाहिजे असे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मराठीतही संज्ञा संस्कृतातूनच निघाली पाहिजे असे नाही. ‘एक्झेक-ऑप’ला ‘क्रिया-निष्पादन’ म्हटल्याने कोणाचे ज्ञान वाढणार नाही. ‘पूर्ण वाक्य’, ‘जुनी वहिवाट’, ‘दुभाष्या’ हे शब्द कोणत्याही कोशातील मान्य संज्ञा नाहीत. वर्गात मात्र ते चालतील, आणि कल्पतरूच्या संपादकांना ते परके वाटले नसते.

राहिला प्रश्न साधनांचा. लिनक्सच्या बदलांची सध्याची नोंदवही एप्रिल २००५ पासून सुरू होते, म्हणजे वर उल्लेखिलेले पुस्तक निघाल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी. पुस्तकातील आवृत्ती तिच्या आधीची. मार्व्हेलच्या चालकाची मात्र २००८ मधील पहिली ओळ, २०१३ मधील वाढ, २०१८ मधील पुनर्लेखन आणि जुनी फाईल काढल्याची नोंद हे सर्व तिच्यात क्रमाने आहे. काढून टाकलेली फाईल कोणत्याही जुन्या आवृत्तीतून पुन्हा बाहेर काढून वाचता येते, आणि त्यासाठी मार्व्हेलचे यंत्र जवळ असण्याचीही गरज नाही.